अलकनंदा शोधावी शेजाऱ्यांच्या पोरीनं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पाण्याचा टँकर किती वाजता येणार, घोडबंदर रोडवर आज गाड्या कुठवर तुंबल्यात, आणि कुणाच्या तरी नावावर खपवलेला सुविचार. डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला एका सकाळी चौथी गोष्ट आली. पुण्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी १२ अब्ज प्रकाशवर्षं दूर असलेली एक सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिचं नाव ठेवलं 'अलकनंदा'. दुपारपर्यंत त्या मेसेजखाली तिरंग्यांची रांग लागली. 'प्राउड मोमेंट.' 'आपल्या ऋषिमुनींना हे आधीच ठाऊक होतं.' 'पुणे तिथे काय उणे.'

त्याच संध्याकाळी, मी ज्या क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते तिथे एका विद्यार्थिनीची आई मला भेटायला आली. तिरंगा टाकणाऱ्यांत त्याही होत्या. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत.) तक्रार साधी होती. मुलगी इंजिनिअरिंग नको म्हणते. बीएस्सी फिजिक्स करायचं म्हणते, आणि पुढे 'आकाशाचं काहीतरी'. "मॅडम, हुशार मुलगी आहे हो. तुम्ही तिच्या डोक्यात असलं काही भरवू नका. काय उपयोग त्याचा?"

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, अशी म्हण आपल्याकडे आहे. तिची नवी आवृत्ती मी त्या दिवशी ऐकली. अलकनंदा सापडावी, पण ती शेजाऱ्यांच्या पोरीनं शोधावी. आपल्या पोरीनं कॉम्प्युटर घ्यावा.

हा लेख त्या बाईंवर रागावून लिहिलेला नाही. त्यांच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे आणि त्यांचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे. माझा राग त्या तिरंग्यांच्या रांगेवर आहे. तो का, हे सांगायचं तर आधी अलकनंदा म्हणजे काय ते नीट बघावं लागेल. ग्रुपवरच्या बहुतेकांनी बातमी मथळ्यापुढे वाचलेली नव्हती, आणि मथळ्यात निम्मं चुकीचं होतं.

'पुण्याच्या दुर्बिणीनं शोधली' ही पहिली चूक. पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण अलकनंदा तिथून दिसलेली नाही. ती दिसली जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत, आणि ही दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. पुण्याचं काय, तर बघणारे डोळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या पीएचडीच्या विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर. त्यांचा शोधनिबंध नोव्हेंबर २०२५मध्ये 'ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स' या नियतकालिकात आला.

'१२ अब्ज प्रकाशवर्षं दूर' ही दुसरी, जरा क्षम्य चूक. तिचा जो प्रकाश आज पोचतोय तो सुमारे १२ अब्ज वर्षं प्रवासात होता, इतकंच यातून कळतं. तेवढ्या काळात विश्व प्रसरण पावत राहिलं, त्यामुळे आज तिचं अंतर त्याच्या जवळपास दुप्पट भरेल. प्रसरणात प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाते. अलकनंदेचा प्रकाश साधारण पाचपट ताणला गेलाय. तिच्या ताऱ्यांनी दृश्य आणि अतिनील प्रकाश सोडला होता, आपल्यापर्यंत येताना त्याचा बराचसा भाग अवरक्त झाला. अवरक्त प्रकाश टिपण्यात जेम्स वेबचा हातखंडा आहे. शिवाय आपल्या आणि तिच्या मध्ये एबेल २७४४ नावाचा दीर्घिकांचा प्रचंड समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणानं प्रकाश वाकतो आणि भिंगातून पाहावं तशी अलकनंदा सुमारे दुप्पट उजळ दिसते. एक भिंग माणसांनी बांधलेलं, दुसरं आयतं मिळालेलं.

'आपल्या आकाशगंगेची जुळी बहीण' ही तिसरी चूक. आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं. अलकनंदेचा सुमारे ३० हजार. तिच्या ताऱ्यांचं एकूण वस्तुमान अंदाजे १० अब्ज सूर्यांइतकं. आपल्या आकाशगंगेचं त्याच्या पाच-सहा पट. पण तारे जन्माला घालण्यात ती आपल्याला कितीतरी मागे टाकते. आपली आकाशगंगा वर्षाला एक-दोन सूर्य भरतील एवढे तारे घडवते. अलकनंदा घडवत होती सुमारे ६०. म्हणजे दर सहा दिवसांना एक सूर्य. तिच्यातले निम्मे तारे अवघ्या २० कोटी वर्षांत तयार झाले असावेत, असं विश्लेषण सांगतं. आपल्या सूर्याला आकाशगंगेभोवती एक फेरी मारायलाच २० कोटींहून अधिक वर्षं लागतात!

नावापुरतं मात्र बहिणीचं नातं खरं आहे. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयातली मंदाकिनी रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते. म्हणून हे नाव.

आता तिच्या आकाराबद्दल. एवढा गवगवा झाला तो आकारामुळेच, आणि तो समजून घ्यायला घोडबंदर रोडसारखी जागा नाही.

सकाळी आठला गायमुखाच्या चढावर कोंडी असते. पुढच्या गाड्या एकेक करून सुटतात, मागून नव्या येऊन चिकटतात. तासाभरानं पाहिलं तर तिथली एकही गाडी मघाची नसते, पण कोंडी तिथेच असते. वरून पाहणाऱ्याला रस्त्यावर एक लाल पट्टा स्थिर दिसेल. सर्पिल दीर्घिकेच्या भुजा साधारण अशा असतात, अशी मांडणी सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४मध्ये केली. भुजा म्हणजे ताऱ्यांचा कायमचा घट्ट पट्टा नव्हे. तसा असता तर आतले तारे लवकर फेरी पुरी करतात आणि बाहेरचे उशिरा, त्यामुळे काही फेऱ्यांतच तो गुंडाळून नाहीसा झाला असता. भुजा म्हणजे गर्दीची लाट. तारे आणि वायू तिच्यात शिरतात, रेंगाळतात, बाहेर पडतात. वायूचे ढग तिथे दाबले जातात आणि नवे तारे पेटतात. त्यांतले सगळ्यांत तेजस्वी निळे तारे अल्पायुषी असतात, लाटेतून फार लांब जायच्या आत संपतात. म्हणून भुजा उजळ दिसते.

अशी देखणी लाट उठायला एक अट आहे. तबकडी शांत हवी, सगळे साधारण एका दिशेनं आणि शिस्तीत फिरायला हवेत. माजिवड्याच्या चौकात जिकडून वाट मिळेल तिकडून सगळे घुसतात, तिथे लाट बनत नाही, नुसता गोंधळ होतो. विश्वाच्या सुरुवातीच्या दीर्घिका माजिवड्यासारख्या असणार, अशी अपेक्षा होती. तापलेल्या, खळबळलेल्या, गोळ्यागोळ्यांच्या. शिस्त यायला कित्येक अब्ज वर्षं लागतील असं वाटत होतं. अलकनंदा दिसते ती महास्फोटानंतर अवघ्या दीड अब्ज वर्षांनंतरची, म्हणजे विश्वाचं वय आजच्या साधारण एक-नवमांश असतानाची. आणि तेव्हाच तिच्या मध्यभागी उजळ गाभा आहे, त्याभोवती सममित अशा दोन भुजा आहेत, भुजांवर माळेत मणी ओवावेत तसे ताऱ्यांच्या जन्माचे ठिपके आहेत.

यामुळे 'महास्फोटाचा सिद्धान्त कोसळला' असलं काही होत नाही. कोसळलं असेल तर ते दीर्घिका शिस्तीत यायला किती वेळ लागतो याबद्दलचं आपलं गणित. 'सगळ्यांत जुनी' असंही म्हणता येत नाही, कारण २०२५मध्येच जाहीर झालेली 'झूलाँग' ही सर्पिल दीर्घिका आणखी आधीच्या काळातली असावी असा अंदाज आहे. अलकनंदेच्या भुजा गर्दीच्या लाटेनं झाल्या की एखादी छोटी दीर्घिका जवळून गेल्यानं, हेही अजून ठरायचंय. त्यासाठी जेम्स वेबनं किंवा चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं तिच्या फिरण्याचा वेग मोजावा लागेल.

इथवर आलात तर आता माझं भांडण ऐका.

ही दीर्घिका कशी सापडली? जेम्स वेबच्या 'अनकव्हर' सर्वेक्षणाचं नेतृत्व ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांकडे होतं. त्यांनी आपली छायाचित्रं जगासाठी खुली ठेवली. ती उतरवून घ्यायला पासपोर्ट लागत नाही. आकाशाच्या त्या तुकड्याचे २१ वेगवेगळ्या फिल्टरांतून घेतलेले फोटो होते आणि त्यांत हजारो ठिपके. राशी जैन यांनी सुमारे ७० हजार ठिपके चाळले. त्यांत एक अलकनंदा निघाली.

हे वाचून आपल्याला काय दिसायला हवं होतं? दुर्बीण आपली नव्हती. फोटो सगळ्यांसाठी होते, तुमच्या-माझ्यासाठीही. आपल्याकडचं त्यात एकच काही होतं: एका तरुण मुलीकडे बघत बसायला वेळ होता, तो वेळ तिला कुणीतरी दिला होता, आणि 'किती पॅकेज?' असं त्या काळात तिला दर महिन्याला विचारलं जात नव्हतं. निदान तिच्या संस्थेत तरी नव्हतं. शोध लागला तो या वेळामुळे. आणि आम्ही घोडबंदरवाले आमच्या मुलांना सगळं देतो, हा वेळ तेवढा देत नाही.

कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत येताना वर बघा. क्लासेसच्या होर्डिंगवर रँकवाल्या मुलांचे चेहरे, खाली 'आमचे चमकते तारे'. खरे तारे त्या होर्डिंगच्या झगझगाटात बुडालेत. तिथे काय शिकवलं जातं ते मला विचारा, कारण मीच शिकवते. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न असतात. एका प्रश्नाला अडीच मिनिटंही मिळत नाहीत. मी मुलांना सांगते, "दोन मिनिटांत सुटलं नाही तर सोड, पुढे जा." परीक्षेसाठी सल्ला अगदी बरोबर आहे. पण दोन वर्षं रोज हेच ऐकलेल्या मुलाला ७० हजार ठिपके बघत बसणं हा मूर्खपणा वाटला, तर दोष कुणाचा? थोडा माझाही. मी स्वतः एमएस्सीचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलंय. घरी पगाराची गरज होती, आणि 'काय उपयोग?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज आहे. पण नेहमीचं उत्तर मी देणार नाही. रेडिओ खगोलशास्त्रातल्या तंत्रातून वाय-फाय सुधारलं, दुर्बिणींसाठी घासूनपुसून तयार झालेलं तंत्र कॅमेऱ्यात आलं, वगैरे. खरं आहे ते सगळं. पण ते उत्तर दिलं की आपण मान्य करतो की अलकनंदेची स्वतःची किंमत शून्य आहे आणि ती वाय-फायच्या जोरावर पास होते. बारशाला, लग्नाला, गणपतीला आपण उपयोग विचारत नाही. नातवाला मांडीवर घेतलेल्या आजोबांना कुणी पॅकेज विचारत नाही. आपण कुठून आलो हे जाणून घेणं त्याच रांगेतलं आहे. तुमच्या रक्तातलं लोह कुठल्या तरी ताऱ्याच्या पोटात बनलंय. असे तारे विश्वात इतक्या लवकर, इतक्या झपाट्यानं बनत होते, ही अलकनंदेची बातमी आहे. ती आपल्या घरची बातमी आहे.

"बोलायला ठीक आहे, पोट कसं भरायचं?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. केंद्र सरकारच्या नियमानुसार २०२३पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. घोडबंदर रोडला टू बीएचकेचा हप्ता याहून जास्त असू शकतो. पीएचडीनंतरच्या नोकऱ्या मोजक्या, त्याही कुठे निघतील याचा नेम नाही. ज्या घरात बहिणीचं शिक्षण आणि बापाचं औषध एकाच पगारातून निघतं, त्या घराला मी 'स्वप्नांचा पाठलाग करा' म्हणणार नाही. पण आमच्या क्लासला दोन वर्षांची जी फी भरली जाते, ती भरणारी सगळी घरं या परिस्थितीत नाहीत. तीन गाड्यांच्या पार्किंगसाठी सोसायटीच्या सभेत भांडणारे लोक 'परवडत नाही' म्हणतात तेव्हा त्यांना परवडत नसते ती शेजाऱ्यांसमोर द्यावी लागणारी ओळख. 'आमची मुलगी काय करते? ती ठिपके बघते.'

राहता राहिले ऋषिमुनी. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या दीर्घिका बोटांवर मोजण्याइतक्या. देवयानी ही त्यांतली आपल्याला दिसू शकणारी, २५ लाख प्रकाशवर्षांवरची, तीही घोडबंदरवरून नव्हे. अलकनंदेचा फिकट, ताणलेला प्रकाश कुठल्याच डोळ्याला, कितीही तप केलं तरी दिसणार नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगायचाच असेल तर खऱ्या गोष्टीचा बाळगा. चाळीसगावजवळ पाटणला इ.स. १२०७च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं. खानदेशातल्या एका छोट्या राजवटीला आठशे वर्षांपूर्वी कळलं होतं की ग्रहगणित करणाऱ्या माणसाला बसायला जागा आणि जेवायला धान्य लागतं. त्यांनी 'प्राउड मोमेंट' लिहून काम भागवलं नाही.

मे २०२५मध्ये जयंत नारळीकर गेले. तेव्हाही स्टेटस भरले होते. ते १९७२मध्ये केंब्रिजहून परत आले, पुढे पुण्यात आयुका उभी केली, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोट मानत असताना आयुष्यभर त्याविरुद्ध युक्तिवाद करत राहिले. आयुष्य एका न पटलेल्या उत्तराशी भांडण्यात घालवता येतं, आणि तसं घालवलेल्या माणसाला मान मिळतो, हे आपण त्यांच्या बाबतीत मान्य केलं. फक्त ते दुसऱ्याच्या घरातले होते.

मी मागते ते फार नाही. सगळ्या मुलांना खगोलशास्त्रज्ञ करा असं म्हणणं वेडेपणाचं होईल. पण पुढच्या वेळी तिरंगा टाकण्याआधी बातमी शेवटपर्यंत वाचा. आणि घरातलं कुणी तासभर एकाच गोष्टीकडे बघत बसलं असेल, मग ते मुंग्यांकडे असो, कोडकडे किंवा ठिपक्यांकडे, तर एकदा तरी उपयोग विचारू नका. वाचणारे तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे असाल तर तुमच्यासाठी वेगळं सांगते. वेळ कुणी देईल म्हणून वाट बघू नका, थोडा चोरा. २००७पासून 'गॅलक्सी झू' नावाचा प्रकल्प चालू आहे. त्यात सामान्य माणसं दीर्घिकांचे फोटो बघून त्या सर्पिल आहेत की लंबवर्तुळाकार ते सांगतात. त्यातूनच हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एक अजब हिरवट वस्तू दिसली, आणि आज ती तिच्या नावानं ओळखली जाते. भारतात 'रॅड ॲट होम'मधून जीएमआरटीच्या माहितीवर असंच काम करता येतं. फोन तुमच्या हातात आहेच.

माझी विद्यार्थिनी हे करते. मेट्रोच्या कामानं आणि गायमुखच्या कोंडीनं तिचे रोज दीड तास बसमध्ये जातात. आईला वाटतं ती रील्स बघते. परवा रात्री तिनं मला एक स्क्रीनशॉट पाठवला. राखाडी धूसर डाग, त्याला एका बाजूनं किंचित शेपूट. "मॅडम, ही भुजा आहे की मला उगाच दिसतेय?"

मी बराच वेळ बघितलं. मला ठरवता आलं नाही, तसंच लिहून पाठवलं.

पुढच्या आठवड्यात तिची आई पुन्हा येणार आहेत. या वेळी मी वाय-फायचं काही बोलणार नाही, नोकरीची खोटी हमीही देणार नाही. त्यांनी ग्रुपवर टाकलेला तिरंगा त्यांना दाखवणार आहे आणि विचारणार आहे, हा तुम्ही ज्या मुलीसाठी टाकलात, तिच्या आईलाही कुणीतरी 'काय उपयोग?' विचारलं असेलच ना? त्यांनी काय उत्तर दिलं असेल?